फाडले व लिहिले

कौसल्याबाई महाजनांवर मी चाळीस वर्षं चिडून आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं लिहिली गेली, तर ती मी खुशीने लिहिली असा कोणाचा समज व्हायला नको.

मी केळीचा व्यापारी. मूळचा बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावचा. वडील दुसऱ्यांच्या बागांत घड कापायला जायचे, आज माझे ट्रक दिल्लीपर्यंत जातात. ते कसं झालं ते इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की समोरचा माणूस कुठवर ताणणार आणि कुठे सोडणार हे मला त्याच्या पापणीवरून कळतं. जिचं कधीच कळलं नाही अशी एकच बाई मला भेटली. तिची उंची पाच फूटही नव्हती.

बाई आमच्या मराठी वाचनालयाचा बालविभाग चालवायच्या. बालविभाग म्हणजे मागच्या गल्लीत दार उघडणारी एक खोली. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, एक खुर्ची. खुर्चीवर फाटकी पुस्तकं रचलेली असायची, कारण बाई कधी बसायच्याच नाहीत. चार वाजता कुलूप काढलं की सहा वाजता ते परत लावेपर्यंत त्या कपाटापासून दारापर्यंत आणि दारापासून कपाटापर्यंत चालत असायच्या. जाता-येता आमच्या डोक्यांवर टिचक्या मारायच्या. "मान वर. डोळे फुटतील." "अन् तू रे इच्छापूर, वाचून राहिला की नुसती पानं उलटून राहिला?" बाहेरगावच्या मुलांना त्या नावाने हाक मारत नसत, गावाच्या नावाने मारत. मी 'फोपनार' होतो. मधेच दारात थांबून गल्लीच्या तोंडाकडे बघायच्या. कोणी यायचं राहिलंय असं वाटायचं. कोणी येणार नसायचं. आम्हाला उगीच धाकधूक व्हायची.

तिथल्या पुस्तकांना नावं नव्हती. आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, सगळा कारभार हिंदीत. मराठी पुस्तक पाहिजे तर भुसावळ नाहीतर जळगाव गाठा. वाचनालयाच्या कमिटीने कोणे एके काळी मुलांसाठी जी पुस्तकं आणली तीच. त्यांची मुखपृष्ठं आणि पहिली पानं माझ्या आधीच्या मुलांनी संपवली होती. बाई पॉवरलूमवाल्यांकडून कोऱ्या कापडाचे उरलेले तुकडे मागून आणायच्या, पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायच्या आणि स्वतः बांधणी करायच्या. सगळी पुस्तकं एकसारखी, मळकट पांढरी. आम्हीच त्यांना नावं दिली होती. होडीचं, आंधळ्या घोड्याचं, विहिरीतल्या आवाजाचं. ती खरी कोणी लिहिली, त्यांची नावं काय, हे मला आजही माहीत नाही.

पुस्तक परत केलं की बाई एकच शब्द विचारायच्या. "मग?"

नवा मुलगा सगळी गोष्ट सांगायला लागायचा. त्या त्याला तिथेच तोडायच्या. "गोष्ट मला पाठ आहे. तुला काय राहिलं ते सांग." कोणी म्हणायचं, घोड्याला दिसत नव्हतं तरी तो पुलाशी थांबला ते. कोणी म्हणायचं, विहिरीवरच्या म्हातारीची भाकरी. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढचं पुस्तक हातात द्यायच्या. काहीच राहिलं नसेल तर तेच पुस्तक परत. एका मुलाने विहिरीचं पुस्तक पाच वेळा नेलं होतं.

आणि पानांचा नियम. पुस्तकाची दुसरी प्रत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ज्याच्या हातून पान जाईल त्याने ते आठवून, स्वतःच्या अक्षरात लिहून आणायचं. बाई ते जागच्या जागी चिकटवायच्या आणि खाली लाल शाईने लिहायच्या, 'हरवले व लिहिले' किंवा 'फाडले व लिहिले', पुढे मुलाचं नाव आणि गाव. आंधळ्या घोड्याच्या पुस्तकात अशी नऊ पानं होती, नऊ वेगवेगळ्या अक्षरांत. एका मुलीने तर हरवलेल्या पानावरचा नकाशाही आठवून काढला होता. कोणीतरी विचारलं, बाई, नाव कशाला लिहिता, लाज वाटते. बाई म्हणाल्या, "वाचणाऱ्याला कळलं पाहिजे ना, आपण कोणाच्या तोंडून ऐकून राहिलो."

हा नियम त्या कोणासाठी वाकवत नसत. एकदा कमिटीच्या अध्यक्षांच्या मुलीकडून पान हरवलं. अध्यक्षांनी स्वतः मोत्यासारख्या अक्षरात लिहून आणलं. बाईंनी ते मुलीपुढे धरलं. "मग?" मुलगी वडिलांकडे बघायला लागली. बाईंनी पानाचे दोन तुकडे केले.

"कौसल्याबाई, मी अध्यक्ष आहे इथला."

"म्हणून तर कमिटीचं रजिस्टर तुम्ही लिहिता. पुस्तक हिने वाचलं, पान हीच लिहील. ज्याने वाचलं नाही त्याचं पान माझ्या पुस्तकात राहणार नाही."

मी सतरंजीवर बसून हे सगळं पाहिलं होतं. मला तेव्हा बाई फार आवडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात माझी पाळी आली.

मी सहावीत होतो. शाळेसाठी बऱ्हाणपुरात, शनवारा पेठेत मावशीकडे राहायचो. होडीचं पुस्तक माझ्या हातात यायला दोन महिने लागले, एवढी त्याला मागणी. गोष्ट एका मुलीची. भाऊ तापाने फणफणलेला, वैद्य नदीपलीकडे, नदीला पूर. काठावर एकच होडी आणि तिचा मालक ती द्यायला तयार नाही. मुलगी त्याच्या दारात उभी राहते. मी पान उलटलं आणि एकदम होडी नदीच्या मध्यावर. मधलं पान नव्हतं. बांधणीपाशी फाटलेली कड तेवढी होती, कापसासारखी पांढरी.

मी चार वाजायच्या आधीच जाऊन दारात उभा राहिलो. आपण तक्रार करायला आलोय अशी माझी समजूत होती.

"बाई, यातलं पान नाही."

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "ताजं फाटलंय."

"मी नाही फाडलं."

"पुस्तक कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे. पण माझ्या आधी…"

"आधीच्याकडून आलं तेव्हा मी पानं मोजून घेतली. मी न मोजता पुस्तक देत नाही. पुढच्या शुक्रवारी पान आण, फोपनार."

मी ओरडलो, रडलो, सतरंजीला लाथ मारली. बाई पुस्तक घेऊन कपाटाकडे चालत गेल्या. मग मी घरी येऊन भाव करायचं ठरवलं. माझ्या मनाने तो भाव होता. तुम्ही मला चोर म्हणता ना, मग घ्या, चोराच्या मनात येईल ते लिहितो. न वाचलेलं पान मी लिहिलं. मला ती मुलगी रडलेली नको होती, मालकाच्या पाया पडलेली तर मुळीच नको होती. वडिलांना बागवाल्यांच्या दारात उभं राहिलेलं मी पाहिलं होतं. माझी मुलगी होडीच्या दोरावर जाऊन बसली. मालक म्हणाला, ऊठ, होडी माझी आहे. मुलगी म्हणाली, होडी तुमची आहे, नदी तुमची नाही. मी आता पोहत निघते. उद्या गाव तुम्हालाच विचारेल, होडी काठाला असताना पोर पोहत का गेली. मालकाने वल्हं तिच्या अंगावर फेकलं. इथे माझं पान संपलं.

शुक्रवारी बाईंनी ते उभ्या-उभ्या वाचलं. मग दारात जाऊन परत वाचलं.

"हे असंच होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी लाल शाईची बाटली उघडली आणि खाली लिहिलं: 'फाडले व लिहिले, सुपडू नथू, फोपनार.'

आठ दिवसांत शाळेत माझं नाव 'पानफाड्या' पडलं. ते पुढे बाजारापर्यंत माझ्या मागे आलं. मी पहिली गाडी भरली तेव्हा एका जुन्या अडत्याने हसून विचारलं होतं, "काय पानफाड्या, केळीची पानं पण फाडतो का?" मी त्याची कॉलर धरली होती. वाचनालयात मी परत पाऊल टाकलं नाही. पण ते पुस्तक डोक्यातून जाईना. खऱ्या पानात काय असेल? गाडीत, मंडीत, कुठेही तो विचार यायचा. मी मुलीला वीसेक प्रकारांनी होडी मिळवून दिली असेल. जळगावला, इंदूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन "होडीचं एक पुस्तक आहे का" असं विचारणारा मोठा माणूस म्हणजे मी. दुकानदार विचारायचे, नाव काय? मला सांगता यायचं नाही आणि मी त्यांच्यावरच चिडायचो.

बाईंची खबर मात्र कानावर यायची. बालविभागाच्या खोलीचं छत गळायला लागलं, कमिटीने तिला कुलूप घातलं, तेव्हा बाईंनी दोन्ही कपाटं हातगाडीवर घालून राजपुऱ्यातल्या आपल्या घरी नेली. कोणाला विचारलं नाही. तिथे चार ते सहा पुन्हा सुरू.

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांनीच मला सांगितली. ते बालविभागातलेच, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. बाई टेबलावर स्वस्थ पडेनात. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, बाई हलू नका. शेवटी त्यांनी आंधळ्या घोड्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ती मुद्दाम चुकीची.

"एक होता तांबडा घोडा."

"पांढरा," बाई म्हणाल्या.

"बोलू नका. तर तो तांबडा घोडा दरीपाशी थांबला."

"पुलापाशी, मूर्खा!"

"बाई, तोंड बंद. सगळं संपलं की चुका सांगा."

बाई दगडासारख्या पडून राहिल्या. डॉक्टर हात चालवता-चालवता चुका पेरत गेले. पट्टी बांधून झाल्यावर बाईंनी एकेक करून सगळ्या सांगितल्या, ओळीने. एकही सुटली नाही. "पस्तीस वर्षं झाली असतील," डॉक्टर मला म्हणाले, "पण चुकीचं सांगायचं म्हणजे आधी बरोबर आठवावं लागतं ना. मला अक्षरन् अक्षर आठवत होतं. आत्ताच वाचून आल्यासारखं." मी त्यांना विचारलं, होडीचं आठवतं? ते हसले. मी विषय बदलला.

मागच्या महिन्यात मात्र मला जावंच लागलं.

फोपनारची ज्योती म्हणून एक बाई आहे, तिशीची. नवरा गेल्यापासून बाग स्वतः बघते. तिचे घड तयार होते, वादळी वाऱ्याचे दिवस होते, तिला ट्रक गुरुवारी हवा होता. मी सोमवार म्हणत होतो. सोमवारपर्यंत वाट बघणारा माणूस भावात मऊ पडतो, हा माझा अनुभव. माझ्या ऑफिसात दहा-बारा लोक बसलेले.

"शेठ, तुम्ही मुद्दाम करून राहिले."

"ट्रक माझे आहेत, ताई. कधी पाठवायचे ते मी ठरवणार."

"ट्रक तुमचे आहेत ना, वारा तर तुमचा नाही!" ती म्हणाली. "माझे घड पडले तर उद्या सारं गाव तुम्हालाच विचारेल, ट्रक उभे होते तरी बाग कशी झोपली." मग एकदम थांबली आणि हसली. "हे माझं नाही हां. आमच्या होडीच्या पुस्तकात होतं. होडी तुमची आहे, नदी तुमची नाही. लहानपणी वाचलं तेव्हापासून कोणी अडवलं की मला तेच आठवतं. कचेरीत, बँकेत, सासरी, सगळीकडे मी तेच करते."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. ती माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"थांबा. त्या पानाखाली नाव होतं. सुपडू नथू, फोपनार. शेठ, ते पान फाडणारे तुम्हीच का?"

सगळं ऑफिस हसलं. ट्रक गुरुवारी गेला. पण ऑफिस हसलं त्याच दिवशी दुपारी मी राजपुऱ्यात बाईंच्या ओट्यावर उभा होतो.

बाई आता ऐंशीच्या पुढे. आणखी बुटक्या झाल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"फोपनार. फार उशीर केला."

"बाई, होडीचं पुस्तक काढा."

त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून न शोधता ते काढलं. मी पान उघडलं. माझं सहावीतलं अक्षर, खाली लाल शाई. चाळीस वर्षं जे मनात घोळवलं होतं ते सगळं मी एका दमात बोललो. मी पान फाडलं नव्हतं. मला नाव पडलं. माझ्या मुलांना शाळेत चिडवलं. आज माझ्याच ऑफिसात माझी लाज गेली. मला दुसरं काही नको, हा 'फाडले' शब्द काटा.

"तू फाडलं नव्हतंस ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू पान आणलंस त्याच दिवसापासून. मूळ पान मी वाचलेलं होतं की रे. त्यात मुलगी रडते आणि मालकाला दया येते."

"दया?"

"हो. मला ते कधी पटलं नव्हतं." त्या खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. "अन् त्या दिवशी मी पानं मोजली नव्हती. मोजली म्हणून सांगितलं. चूक माझी."

हे वाक्य ऐकायला मी आयुष्य घालवलं होतं. ते इतक्या सहज आलं की मला आणखीच राग आला. "मग तेव्हाच का नाही बोललात? अकरा वर्षांचं पोर होतो मी!"

"बोलले असते तर पान काढावं लागलं असतं. न वाचता लिहिलेलं पान. मी तुला दोनदा विचारलं, असंच होतं का. तू हो म्हणालास. मला तेवढं पुरलं." त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं. "घे. काट. तुझा हक्क आहे."

मी 'फाडले' वर जोरात रेघ मारली. एक नाही, तीन मारल्या. फार हलकं वाटलं, ते लपवत नाही.

पेन ठेवून वर बघतो तर बाईंच्या हातात ब्लेड. पुस्तक त्यांनी माझ्या हाताखालून ओढून घेतलं, उघडं ठेवलं आणि ब्लेड बांधणीच्या कडेला लावलं.

"बाई, काय करताय?"

"पान काढतेय. तू फाडलं नाहीस म्हणजे तू वाचलं नव्हतंस. ज्याने वाचलं नाही त्याचं पान राहत नाही. आता तू बोललास, मी ऐकलं. मला ऐकलं नाही असं करता येणार नाही."

"पण एवढी वर्षं राहिलं ना! पोरं वाचतात ते. ती ज्योती…"

"कोण ज्योती?"

मी सांगितलं. ट्रक, वारा, सोमवार, गुरुवार, सगळं, माझी बाजू किती वाईट दिसते याचा विचार न करता. बाईंनी ऐकून घेतलं.

"बरं झालं तिला राहिलं ते," त्या म्हणाल्या आणि ब्लेड दाबलं. कागदाचा वरचा कोपरा सुटला. तो आवाज मी ऐकला.

मी भाव करायला लागलो. नुसती रेघ राहू द्या. खाली दुसरं काही लिहा. वाचनालयाचं छत मी नवं टाकून देतो. बाईंनी मान वर केली नाही. मी त्यांच्या पापणीकडे बघत होतो. काही कळत नव्हतं. ब्लेड नखभर आणखी खाली आलं.

"मीच फाडलं होतं!" मी ओरडलो.

ब्लेड थांबलं. "कोणी?"

"मी फाडलं, बाई."

"आधी वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. मग फाडलं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पेन पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. "मग तो शब्द परत लिही. माझा हात हलतो आता."

मी माझ्या खोडाखोडीच्या वर, स्वतःच्या हाताने, 'फाडले' लिहिलं. बाईंनी ते उजेडात नेऊन पाहिलं, शाईवर फुंकर घातली. "अक्षर बिघडलं तुझं," म्हणाल्या. सुटलेल्या कोपऱ्याला खळ लावली आणि अंगठ्याने दाबून धरला. "चार वाजत आले. मुलं येतील. नीघ."

त्या ते पान खरंच कापणार होत्या, की फक्त मला वाकवत होत्या? मी रोज माणसं वाचून पोट भरतो, आणि हे मला आजही सांगता येत नाही. ओट्यावर बूट घालता-घालता मी एकदा मागे वळून पाहिलं. खिडकीत बाई त्याच ब्लेडने अंगठ्यावरची वाळलेली खळ खरवडत होत्या. मी अजून गेलो नाही हे त्यांना दिसत होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.